तांब्याची जन्मतारीख

माझी जन्मतारीख १ जून १९६९. ही तारीख ऐकून तुमच्यापैकी अनेकांना हसू आलं असेल, कारण तुमचीही तारीख १ जूनच असेल, साल तेवढं वेगळं. खेड्यात ज्यांचा जन्म झाला त्या आमच्या पिढीतली निम्मी मुलं १ जूनला जन्मली. खरं म्हणजे आम्हाला जन्माला घातलं आमच्या आयांनी, पण तारीख घातली शाळेतल्या गुरुजींनी. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, नाव घालायचं तर वय भरायला हवं, म्हणून गुरुजी मुलाच्या उंचीकडे बघायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे आणि टाक दौतीत बुडवून लिहायचे : १ जून.

माझ्या अम्मीला विचारलं तर ती सांगायची, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू नव्हतास, आणि दुष्काळात तू खडी फोडायच्या कामावर माझ्या मागं मागं चालत यायचास.’ भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. दुष्काळ १९७२ चा. म्हणजे या दोन घटनांच्या मधे कुठंतरी मी. अम्मी निरक्षर होती. पण तिची ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेही एका दगडामुळे.

भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले माझे एक मित्र आहेत. मी त्यांना सर म्हणतो. मी पडलो मराठी घेऊन बी. ए. झालेला कवी. दगडाशी माझा संबंध ठेच लागण्यापुरता. सरांनी एकदा माझ्या टेबलावर मूठभर आकाराचा दगड ठेवला. पांढरी गारगोटी, तिच्यात पिवळ्याधमक चकाकीच्या शिरा, आणि एका कडेला शिशाच्या पेन्सिलीसारखे राखाडी, चमचमते पापुद्रे. सर म्हणाले, ‘हे पिवळं म्हणजे कॅल्कोपायराइट. तांब्याचं खनिज. आणि हा राखाडी पापुद्रा बोटानं घासून कागदावर ओढा.’ मी ओढला. पेन्सिलीसारखी रेघ उठली. ‘हे मॉलिब्डेनाइट. तांबं कधी जन्मलं ते हा पापुद्रा सांगतो.’

तो दगड मलाजखंडचा होता. गोंदियाहून बालाघाटकडे गेलं की पुढे बैहरच्या पलीकडे मलाजखंड लागतं. आपल्या विदर्भाच्या उंबऱ्याबाहेरच म्हणा ना. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची तिथली खाण १९८२ मध्ये सुरू झाली. आधी उघडी खाण होती, अलीकडे खाली भुयारी कामही सुरू झालं आहे. भारतातल्या तांब्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी हा एक. मोठा म्हणजे तिथं तांब्याच्या विटा पडलेल्या नाहीत. शंभर किलो दगड फोडावा तेव्हा साधारण किलोभर तांबं हाती लागतं. तरीही खाणवाल्यांच्या हिशेबात हा चांगला दगड.

तांबं आमच्या घरात वेगळ्या अर्थानं होतं. माझे अब्बा कल्हईवाले. भाता, कोळसा, नवसागर आणि कथील घेऊन ते बाजाराच्या गावोगाव फिरायचे. भट्टी पेटवायची, भांडं लालसर तापवायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचं. काळंकळकट भांडं क्षणात चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं त्या धुरात नाक खुपसून बसायचो. आमच्या घरात एक तांब्याची देगची अजून आहे. अम्मीच्या निकाहात नानांनी दिलेली. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नानांचं नाव आणि साल घातलंय : १९६४. आमच्या कुटुंबातली ही सर्वांत जुनी खात्रीची तारीख. बाकी सगळं ‘अंदाजे’.

तर या तांब्याची मूळ जन्मतारीख कशी काढतात, हे आज सांगायचं आहे. आधी ते जन्मतं कसं, हे बघू.

जमिनीच्या पोटात काही ठिकाणी खडक वितळतो. त्याला शिलारस म्हणतात. समुद्राचा तळ जिथं खंडाच्या खाली सरकत जातो, तिथं तो आपल्याबरोबर पाणी घेऊन खोल जातो. ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरलं की खडक वितळायला सुरुवात होते. हा पाणीदार शिलारस हलका असतो, म्हणून वर चढतो, वरच्या थंड, घट्ट खडकात घुसतो आणि पृष्ठभागाच्या काही किलोमीटर खाली अडकून बसतो. सर याला सरळ घुसखोरी म्हणतात. मी म्हटलं, सर, शब्द जरा जपून वापरा. ते हसले आणि म्हणाले, ‘अहो, या घुसखोरानंच तर तांबं आणलं.’

अडकलेला शिलारस हळूहळू गोठू लागतो. आधी त्यात मोठे स्फटिक बनतात, आणि मग उरलेला रस भरकन गोठून त्यांच्याभोवती बारीक दाण्याचा दगड होतो. शिऱ्यात बेदाणे दिसावेत तसा. अशा खडकाला पॉर्फिरी म्हणतात. गोठताना एक महत्त्वाची गोष्ट घडते. स्फटिकांना पाणी नको असतं. त्यामुळे पाणी उरलेल्या रसात साठत जातं आणि शेवटी झाकण उडालेल्या कुकरसारखं बाहेर पडतं. हे पाणी म्हणजे आपल्या विहिरीतलं पाणी नव्हे. शेकडो अंश तापलेलं, खारट, गंधक आणि धातू पोटात घेतलेलं. त्याच्या दाबानं भोवतालचा खडक तडकतो. त्याला हजारो बारीक भेगा पडतात. पाणी भेगांत शिरतं, वर चढताना निवतं, आणि साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की पोटातलं तांबं सोडू लागतं. भेगा गारगोटीनं आणि कॅल्कोपायराइटनं भरतात. हीच तांब्याची खाण. आज जगात निघणाऱ्या तांब्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश तांबं अशाच पॉर्फिरी साठ्यांतून येतं.

आता प्रश्न असा की, हे घडलं कधी?

पहिली रीत अम्मीची. याच्याआधी, त्याच्यानंतर. खाणीच्या भिंतीकडे बघायचं. एक शीर दुसऱ्या शिरेला कापून गेली असेल तर कापणारी धाकटी आणि कापली गेलेली थोरली. सुरी भाकरीनंतर येते, आधी नव्हे. तांब्याच्या शिरा एका खडकाला कापतात आणि दुसरा खडक त्या शिरांना कापतो, असं दिसलं तर तांबं या दोन खडकांच्या मधलं. भूकंप आणि दुष्काळ यांच्यामधला मी, तसं. ही रीत भक्कम आहे, पण ती क्रम सांगते, साल सांगत नाही. साल सांगायला घड्याळ लागतं.

ते घड्याळ सापडलं किरणोत्सर्गातून. काही मूलद्रव्यांचे अणू आपणहून मोडतात आणि त्यांचे दुसऱ्याच मूलद्रव्याचे अणू होतात. त्यांच्या मोडण्याचा वेग ठरलेला असतो. उन्हानं, पावसानं, दाबानं तो बदलत नाही. निम्मे अणू मोडायला जेवढा काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. मूळ अणू किती उरले आणि मोडून झालेले किती जमले हे मोजलं की किती काळ लोटला ते कळतं. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या बर्ट्रम बोल्टवूड यांनी युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून खनिजांची वयं पहिल्यांदा छापली. १९११ मध्ये इंग्लंडच्या आर्थर होम्स या तरुणानं नॉर्वेच्या एका खडकाचं वय ३७ कोटी वर्षं काढलं. होम्स तेव्हा पंचविशीच्याही आतले होते. तोवर अख्ख्या पृथ्वीचंच वय काही कोटी वर्षांत बसवू पाहणारे मोठमोठे शास्त्रज्ञ होते.

तांब्याच्या बाबतीत पहिली अडचण अशी की खुद्द तांब्यात असं घड्याळ नाही. कॅल्कोपायराइट मुका आहे. म्हणून शेजाऱ्यांची साक्ष काढावी लागते. असे तीन साक्षीदार सांगतो.

पहिला साक्षीदार झिरकॉन. शिलारस गोठताना त्यात हे बारीक स्फटिक तयार होतात, केसाच्या जाडीएवढे. झिरकॉनचा स्वभाव चमत्कारिक आहे. जन्मताना तो युरेनियमला घरात घेतो, पण शिशाला दारातूनच परत पाठवतो. त्यामुळे पुढे त्याच्यात जे शिसं सापडतं ते जवळपास सगळं युरेनियम मोडून झालेलं. शिवाय त्याच्याकडे दोन घड्याळं असतात. युरेनियमचे दोन प्रकार आहेत. एकाचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याचं सुमारे ७० कोटी. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ दाखवली तर साक्ष पक्की. नाही दाखवली तर मधे काहीतरी बिनसलं, हेही कळतं. आणि हा गडी टणक इतका की ९०० अंशांच्या तापातसुद्धा पोटातलं शिसं सहजासहजी सोडत नाही. पण झिरकॉन जन्मतो शिलारसात. तो दगडाचं वय सांगतो, तांब्याचं नाही. देगचीवर १९६४ लिहिलं आहे म्हणून तिच्यातली बिर्याणी कधी शिजली ते कळत नाही.

दुसरा साक्षीदार काळं अभ्रक. त्यात पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियमचा एक प्रकार मोडून आरगॉन वायू होतो. हे अभ्रक तांबं आणणाऱ्या गरम पाण्यातही तयार होतं, म्हणून त्याची साक्ष जवळची वाटते. पण वायूच तो. खडक गरम असेल तोवर आरगॉन निसटत राहतो. साधारण ३०० अंशांच्या खाली अभ्रक निवलं की मगच तो अडकतो आणि घड्याळ सुरू होतं. म्हणजे हे घड्याळ जन्माची वेळ सांगत नाही, निवण्याची सांगतं. पुढे लाखो, कोट्यवधी वर्षांनी शेजारी दुसरा शिलारस घुसला आणि खडक पुन्हा तापला, तर आरगॉन उडून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मला हे लगेच समजलं. अब्बांनी कल्हई केली की पन्नास वर्षांचं पातेलं आतून कालचं दिसायचं. कल्हईवरून भांड्याचं वय ठरवणारा फसणारच. पूर्वी अनेक खाणींची वयं या घड्याळावर काढली गेली आणि ती खऱ्यापेक्षा कमी भरली. त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. घड्याळानं दुसरीच घटना नोंदवली होती.

तिसरा साक्षीदार म्हणजे माझ्या टेबलावरचा राखाडी पापुद्रा, मॉलिब्डेनाइट. तो तांब्याच्याच शिरांमध्ये, त्याच गरम पाण्यातून तयार होतो. तांब्याचा सख्खा भाऊ म्हणा. त्यात ऱ्हेनियम नावाचं फार दुर्मीळ मूलद्रव्य जाऊन बसतं. हे मूलद्रव्य माणसाला १९२५ मध्ये सापडलं आणि ऱ्हाइन नदीवरून त्याचं नाव पडलं. ऱ्हेनियमचा एक प्रकार मोडून ऑस्मियम होतो, आणि मॉलिब्डेनाइट जन्मताना ऑस्मियमला जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आत सापडलेलं ऑस्मियम म्हणजे लोटलेल्या काळाची शिल्लक. शिवाय नंतरच्या तापानं हे घड्याळ सहसा बिघडत नाही. तांब्याच्या जन्माच्या वेळी खोलीत हजर असलेला असा हा साक्षीदार आहे.

पण त्याचं घड्याळ अतिशय सावकाश चालतं. अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षं. पृथ्वीचं वयच साडेचारशे कोटींच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या नऊपट. चिलीतल्या ५० लाख वर्षांच्या मॉलिब्डेनाइटमध्ये बारा हजार ऱ्हेनियम अणूंमागे एखादाच मोडलेला असतो. तो मोजायचा. त्यासाठी खनिज जाड काचेच्या नळीत तीव्र आम्लात घालून, नळी वितळवून बंद करून, तापवून विरघळवतात आणि मग अणूंच्या वजनावरून त्यांची निवड करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात घालतात.

इथं सरांनी एक गंमत सांगितली. जुन्या आणि मोठ्या पापुद्र्यांत ऑस्मियम जन्मलेल्या जागी बसून राहत नाही, पापुद्र्याच्या आतल्या आत सरकतं. ते घराबाहेर जात नाही, पण या खोलीतून त्या खोलीत जातं. त्यामुळे पापुद्र्याचा एकच टवका काढून मोजला तर वय भलतंच येतं. कुठं फार जास्त, कुठं फार कमी. अख्खा पापुद्रा दळून एकजीव करावा लागतो, तेव्हा बरोबर वय मिळतं. एका पानावरून कुटुंबाची हकिकत ठरवू नये, एवढा धडा मी त्यातून घेतला.

आता चिलीकडे जाऊ. नेरूदांचा देश. त्यांना नोबेल मिळालं ते वर्ष १९७१, आणि चिलीनं आपल्या तांब्याच्या मोठ्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या तेही १९७१ च. सँटियागो या राजधानीच्या दक्षिणेला अँडीज पर्वतात एल तेनिएंते नावाची खाण आहे. जगातली सर्वांत मोठी भुयारी तांब्याची खाण म्हणून ती ओळखली जाते. १९०५ पासून तिथं काम चाललं आहे आणि तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे बोगदे खणले गेले आहेत. हा साठा एकाच वेळी तयार झाला की टप्प्याटप्प्यानं, हा प्रश्न होता. झिरकॉननं वेगवेगळ्या घुसलेल्या खडकांची वयं सांगितली आणि मॉलिब्डेनाइटनं शिरांची. चित्र असं निघालं की सुमारे ६३ लाख वर्षांपूर्वी पहिलं तांबं आलं आणि ४४ लाख वर्षांपूर्वी शेवटचं, आणि मधल्या काळात ते किमान पाच खेपांमध्ये आलं. दर खेपेला नवा शिलारस, नवा ताप, नव्या भेगा. एकावर एक खेपा पडत गेल्या म्हणून ही खाण एवढी मोठी.

पण एकेक खेप किती काळाची? अर्जेंटिनात बाहो दे ला आलुम्ब्रेरा नावाचा साठा आहे, सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा. तिथं तांब्याआधी घुसलेला खडक आणि तांब्यानंतर घुसलेला खडक, दोन्हींतले झिरकॉन अतिशय बारकाईनं मोजले गेले. भूकंप आणि दुष्काळाची तीच अम्मीची रीत, फक्त दोन्ही टोकांना घड्याळ बांधलेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उत्तर आलं की सगळा खेळ तीस हजार वर्षांहून कमी काळात आटोपला. तीस हजार वर्षं आपल्याला प्रचंड वाटतात. पण ७० लाखांच्या तुलनेत ती चिमूटभर आहेत. खाली शिलारसाची तयारी लाखो वर्षं चालते, तांब्याचं बाळंतपण मात्र झटपट उरकतं.

आणि आपलं मलाजखंड? तिथल्या मॉलिब्डेनाइटचं वय २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. सुमारे २४९ कोटी वर्षं. माझ्या टेबलावर बसलेला तो पापुद्रा २४९ कोटी वर्षांचा! आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मलाजखंडचं तांबं जन्मलं तेव्हा हवेत श्वास घेण्याजोगा ऑक्सिजनही नव्हता. एवढ्या काळात त्याच्या घड्याळानं शंभर अणूंपैकी जेमतेम चार मोडले आहेत. तेच झिरकॉनमधल्या झपाट्यानं मोडणाऱ्या युरेनियमचे शंभरातले नऊही धड उरलेले नाहीत.

पॉर्फिरी साठे बहुतेक तरुण असतात. ते डोंगरांच्या पोटात, फार खोल नसलेल्या जागी जन्मतात. डोंगर उचलले जातात, झिजतात, आणि त्यांच्याबरोबर साठेही वाहून जातात. म्हणून एवढा जुना साठा शाबूत राहणं ही नवलाची गोष्ट. मलाजखंडला पॉर्फिरी म्हणावं की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. काहींना ते अस्सल पॉर्फिरी वाटतं, तर काहींच्या मते तिथलं पाणी तेवढं तापलेलं नव्हतं आणि शिरांची ठेवणही वेगळी आहे. पण तांब्याचा आणि शेजारच्या ग्रॅनाइटचा संबंध आहे, यावर वयानं चांगला प्रकाश पाडला. ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनचं वय आलं सुमारे २४८ कोटी.

इथं तुम्ही मला थांबवाल. ग्रॅनाइट २४८ कोटी आणि त्याच्यामुळे आलेलं तांबं २४९ कोटी? मूल आईपेक्षा मोठं? मीही सरांना हेच विचारलं. त्यांनी कागद घेतला आणि वयापुढे अधिक-उणेचं चिन्ह काढलं. ‘प्रत्येक मोजणीला चुकीची मर्यादा असते. अणू मोजताना, अर्धायुष्य ठरवतानासुद्धा. इतकी वर्षं अधिक किंवा इतकी उणे, असं आम्ही लिहितोच. त्या मर्यादा धरल्या तर दोन्ही वयं एकमेकांना भिडतात. म्हणजे दोन्ही एकाच काळातली, असं म्हणायचं. कोण आधी ते शिरा सांगतील, कारण शिरा ग्रॅनाइटला कापतात. ज्या शोधनिबंधात अधिक-उणे लिहिलेलं नसेल, त्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही.’

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. उपयोग सरळ आहे. चिलीत तांब्याच्या खाणी वाटेल तिथं विखुरलेल्या नाहीत, त्यांचे पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्याचा काळ ठरलेला आहे. एल तेनिएंतेचा पट्टा सुमारे चाळीस लाख ते सव्वा कोटी वर्षांचा, तर चुकीकामाता या प्रसिद्ध खाणीचा पट्टा तीन-चार कोटी वर्षांचा. नवा खडक सापडला की आधी त्याचं वय काढतात. तो त्या काळातला असेल तर तिथं भोकं पाडून बघण्यात अर्थ. एक भोक पाडायचं म्हणजे मोठा खर्च, आणि डोंगराचं, तिथल्या माणसांचं नुकसान ते वेगळंच. विजेच्या तारा, मोटारी, पवनचक्क्या, सगळ्यांना तांबं हवं आहे. भारत आपल्या गरजेचं बहुतेक तांब्याचं खनिज बाहेरून आणतो. आपल्या चंद्रपुरातही ठाणेवासन्याला तांब्याच्या खनिजाच्या खुणा मिळाल्या आहेत. कुठं खणावं याइतकंच कुठं खणू नये हे कळणंही मोलाचं असतं. तारीख ते सांगते.

आता अम्मीकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका योजनेसाठी तिचा अर्ज भरला. अर्ज परत आला. एका कागदावर जन्मसाल १९४३, दुसऱ्यावर १९५०. खिडकीमागचे साहेब म्हणाले, ‘आजी, यातलं खरं कुठलं?’ अम्मी शांतपणे म्हणाली, ‘साहेब, दोन्ही तुमच्याच माणसांनी लिहिलंय. मला लिवता येत न्हाई.’ मागची रांग हसली. मीही हसलो, पण घरी येताना रिक्षात ती गप्प होती. दाराशी उतरताना म्हणाली, ‘मी काय खोटी हाय का रे?’

त्या वेळी मला काही उत्तर देता आलं नाही. आज देता येईल. दोन घड्याळांत फरक पडला म्हणजे कुणी खोटं ठरत नाही. प्रत्येकानं वेगळी घटना नोंदवलेली असते. १९४३ लिहिणाऱ्यानं तिचे पांढरे केस बघून वय लिहिलं असणार. १९५० लिहिणाऱ्यानं रेशनकार्डाच्या वेळी कुणीतरी सांगितलेल्या वयावरून उलटा हिशेब केला असणार. ते निवण्याचं घड्याळ झालं, जन्माचं नव्हे. जन्माच्या वेळी खोलीत हजर असलेली साक्षीदार एकच, माझी नानी. नानी सांगायची, ‘गांधीबाबाला मारलं तेव्हा हिला दात येत हुते, रात्रभर किरकिर करायची.’ गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. दात येणारं मूल सहा महिन्यांचं ते वर्षाचं. म्हणजे अम्मीचा जन्म १९४७ चा. काही महिने अधिक, काही महिने उणे.

हे उत्तर कुठल्या खिडकीवर चालेल असं नाही. तिथं ‘अंदाजे’ शब्द चालत नाही, तारीख लागते. गंमत बघा, जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा कोट्यवधींची यंत्रं लावून जे उत्तर देतात त्याच्यापुढे अधिक-उणे लिहिलेलं असतं आणि ते शास्त्र म्हणून मान्य होतं. एक म्हातारी प्रामाणिकपणे ‘अंदाजे’ म्हणते, तर तिचा अर्ज परत येतो.

अब्बा गेले तेव्हा फॉर्मवर वयाच्या रकान्यात मी ‘अंदाजे ७५’ लिहिलं होतं. लिहिताना मला ओशाळल्यासारखं झालं होतं. बापाचं वय मुलाला माहीत नाही! आता तसं वाटत नाही.

यंदाच्या ईदला ती देगची बाहेर काढली. कल्हई उडाली होती. आमच्या शहरात आता कल्हईवाला शोधावा लागतो. कसाबसा एक मिळाला. त्यानं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून ती आतून लखलखीत करून दिली. अम्मीनं तिच्यात डोकावून पाहिलं, मग काठावरून बोट फिरवत ठिपके चाचपले. तिला वाचता येत नाही, पण ते कुठं आहेत हे तिला माहीत आहे. सरांचा दगड शेजारच्या फळीवर होता. मी तो तिच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘अम्मी, हे आपल्या देगचीच्या आधीचं तांबं. अडीचशे कोटी वर्षांचं.’

तिनं दगड उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘पक्कं?’

मी म्हटलं, ‘अंदाजे.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)